क्रीम भिंतींच्या घरात रंग कसा आणावा: नाशिकच्या नव्या फ्लॅटवाल्यांसाठी

पाथर्डी फाटा असो, गंगापूर रोड असो की म्हसरूळ-आडगावकडचं नवं बांधकाम, नाशकात नव्या फ्लॅटची चावी हातात येते तेव्हा आतलं दृश्य साधारण एकच असतं. भिंती ऑफ-व्हाइट, फरशी दोन बाय दोनची क्रीम, ओट्यावर काळा ग्रॅनाइट. मग डाग दिसू नयेत म्हणून सोफा बिस्किट रंगाचा येतो, सगळ्याशी जातील म्हणून पडदे बदामी येतात आणि कपाटांचा सनमायकाही त्याच वाटेने जातो. घर स्वच्छ दिसतं, ऐसपैस दिसतं. पण राहायला लागल्यावर काही महिन्यांनी घरातलंच कुणीतरी म्हणतं, ‘जरा रंग पाहिजे होता.’

त्यावर ओळखीचे लोक एकच उपाय सुचवतात: हॉलची एक भिंत गडद करून टाका. मी नेमका उलटा क्रम सांगणार आहे. आधी उजेड, मग कापड, मग तांबं-पितळ, माती आणि झाडं, आणि भिंत सगळ्यात शेवटी, तीही गरज उरलीच तर. उशीचा अभ्रा पसंत पडला नाही तर दोन मिनिटांत बदलता येतो. भिंत पसंत पडली नाही तर सामान हलवा, घासकाम करा, पुन्हा दोन हात मारा आणि पेंटरच्या तारखेची वाट बघा. शिवाय फिकट भिंत म्हणजे घराचा दोष नव्हे. तिच्यासमोर डाळिंबी रंगाची एक सतरंजीसुद्धा खुलून दिसते, आणि हे भाग्य गडद भिंतींच्या घराला नसतं.

पहिलं काम: तुमचा क्रीम कोणता क्रीम आहे?

सगळे क्रीम सारखे नसतात. काही पिवळसर, काही गुलाबीसर, काही किंचित हिरवट, तर काही राखाडीकडे झुकलेले असतात. एकट्या भिंतीकडे बघून हे कळत नाही, कारण डोळा थोड्याच वेळात तिलाच पांढरं मानू लागतो. यासाठी झेरॉक्सचा कोरा पांढरा कागद पुरतो. दुपारी दिवे बंद करून, खिडकीच्या उजेडात तो कागद भिंतीला चिकटवा आणि चार पावलं मागे या. कागदाच्या शेजारी भिंत लगेच आपली छटा दाखवते. मग तोच कागद फरशीवर ठेवा, सोफ्यावर ठेवा, कपाटाच्या दाराला लावा. पुष्कळ घरांत भिंत पिवळसर आणि फरशी गुलाबीसर निघते, आणि ‘काहीतरी जमत नाहीये’ असं वाटण्याचं कारण तेच असतं.

भिंत पिवळसर असेल तर मोरपंखी, शेवाळी, विटकरी, आमसुली हे रंग तिच्यासमोर छान बसतात. अशा भिंतीपुढे पांढरेशुभ्र पडदे मात्र टाळा. शुभ्र पांढऱ्याशेजारी पिवळसर भिंत मळकी दिसते, तिथे मोतिया पांढरा घ्यावा. गुलाबीसर छटेला डाळिंबी, अंजिरी आणि गडद निळा जवळचे. पोपटी किंवा लिंबू रंग तिथे कर्कश होतो. राखाडी झुकावाच्या भिंतीला चिंतामणी निळा, गुलबक्षी आणि मोहरीसारखा दबलेला पिवळा उठाव देतात. दोन वस्तूंच्या छटा वेगवेगळ्या निघाल्या तर फरशीच्या बाजूने निर्णय घ्या. भिंत कधीतरी बदलेल, फरशी बदलणार नाही.

उजेड: रंग निवडण्याआधी दिवा बदला

या पायरीवर बहुतेक जण थांबतच नाहीत, म्हणून मी जरा जास्त थांबतो.

प्रत्येक खोलीचं तोंड कुठे आहे ते बघा. उत्तरेकडच्या खिडकीतून वर्षातला बहुतेक काळ थेट ऊन येत नाही. तिथला उजेड दिवसभर एकसारखा आणि जरा निळसर असतो, म्हणून तिथे राखाडी-निळे रंग आणखी थंड दिसतात आणि हळदी, विटकरी, अबोली हे रंग खोलीला ऊब देतात. पूर्वेची खोली सकाळी सोनेरी असते आणि दुपारनंतर सपाट होते. पश्चिमेच्या खोलीचं गणित वेगळं. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये चार वाजता तिथे जे ऊन येतं, त्यात लाल-केशरी कापड नजरेला टोचतं. तिथे शेवाळी, निळा, राखाडी-हिरवा असे रंग त्या उन्हाला सावरून घेतात. पश्चिम आणि दक्षिणेच्या खिडकीत गडद लाल, जांभळा असे रंग विटतातही लवकर, म्हणून तिथल्या पडद्याला फिकट अस्तर लावूनच घ्या.

नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि उत्तरेच्या खिडकीतही थोडं ऊन डोकावतं. त्यातला निम्मा काळ ढगांचाच असतो ही गोष्ट वेगळी. ढगांवरून आठवलं: जून ते सप्टेंबर खोलीत येणारा उजेड मुळातच करडा असतो. मे महिन्यात ताजातवाना वाटलेला फिकट निळा पडदा ऑगस्टमध्ये उदास वाटू शकतो. म्हणून मोठी खरेदी एकाच ऋतूतल्या एका दुपारी उरकू नका.

आता रात्रीचा उजेड. आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरांत पांढऱ्याफेक एलईडी ट्यूब असतात. खोक्यावर ‘कूल डेलाइट’ आणि ६५०० के (केल्विन, म्हणजे उजेडाच्या छटेचं माप) असं लिहिलेलं असतं. या दिव्याखाली निळे-हिरवे रंग ठीक दिसतात, पण विटकरी, हळदी, लाकडाचा तपकिरी आणि तांब्याचा रंग मरून जातो. दिवसा सुंदर दिसलेली उशी रात्री निर्जीव वाटते, ती या ट्यूबमुळे. हॉल आणि बेडरूमसाठी ३००० के, म्हणजे ‘वॉर्म व्हाइट’ घ्या. अभ्यासाच्या टेबलाला आणि स्वयंपाकघराला ४००० के चांगला. खोक्यावर सीआरआय नावाचा आकडाही असतो. दिव्याखाली वस्तूचा खरा रंग किती नीट दिसतो हे तो सांगतो. ८० च्या खालचा दिवा घेऊ नका, ९० मिळाला तर उत्तम. घराला रंग द्यायला निघालेल्याने पहिली खरेदी दिव्याची करावी, हे मी आग्रहाने सांगतो. सगळ्यांत कमी खर्चात सगळ्यांत जास्त फरक इथेच पडतो. पुष्कळदा दिवे बदलल्यावर लक्षात येतं की आहे तो बदामी सोफा तितका वाईट नव्हता.

एक रंग नक्की करा, बाकीचे त्याच्या सोबतीला

रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी उघडतात. पेशवेकाळापासूनचे हे हौद, आणि प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. शनी चौकातल्या रहाडीचा गुलाबी म्हणजे गुलाबीच, त्यात दुसरा मिसळत नाहीत. घरातल्या एका खोलीलाही असाच एक मुख्य रंग असावा.

तो निवडायला शेड कार्ड उघडू नका. कपड्यांचं कपाट उघडा. घरातल्या साड्या, कुर्ते, ओढण्या पलंगावर पसरा. माणूस वर्षानुवर्षं जे रंग अंगावर घालतो, ते त्याला खरोखर आवडत असतात. त्या ढिगात पुन्हा पुन्हा येणारा रंग शोधा. मोरपंखी तीन वेळा आला, तर तुमचं उत्तर मिळालं. घरात दोघांची आवड वेगळी असेल तर खोल्या वाटून घ्या. एकाच हॉलमध्ये दोन मुख्य रंगांची तडजोड सहसा फसते.

मुख्य रंगाला एक सोबती आणि एक चिमूटभर तिसरा, एवढं पुरे. सजावटवाले ६०-३०-१० असं प्रमाण सांगतात: साठ टक्के पार्श्वभूमी, तीस टक्के मुख्य रंग, दहा टक्के उठावाचा रंग. तुमची भिंत, फरशी आणि सोफा मिळून साठ टक्के आधीच झालेले आहेत. तीस आणि दहाचीच व्यवस्था करायची आहे, त्यामुळे काम वाटतं त्यापेक्षा थोडं आहे. सोबती सुचत नसेल तर पैठणीचे काठ-पदर बघा. येवला आपल्या जिल्ह्यातच आहे. अंगाचा रंग एक, काठाचा दुसरा आणि पदरावरच्या मोर-मुनियांमध्ये तिसऱ्या-चौथ्या रंगाचे बारीक ठिपके: हे प्रमाण विणकरांनी फार पूर्वी पक्कं केलेलं आहे. सिन्नरला गारगोटी संग्रहालयात एक चक्कर टाकली तरी डोळे उघडतात. दख्खनच्या काळ्या बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेले स्फटिक तिथे मांडलेले आहेत. फिकट हिरवा ॲपोफिलाइट आणि त्याच्याच अंगाला अबोलीसर स्टिल्बाइट! ज्यांना भडक रंग सोसत नाहीत, त्यांनी ही जोडी बिनधास्त उचलावी. क्रीम भिंतीपुढे हे दोन्ही रंग फार सुरेख दिसतात.

कापड

खरी मजा इथे आहे, आणि चुकलं तरी नुकसान थोडं.

सुरुवात उशांपासून करा. सोफ्याच्या उशा बहुतेक १६ बाय १६ इंचाच्या असतात. आतली उशी अभ्र्यापेक्षा दोन इंच मोठी घेतली तर अभ्रा भरलेला राहतो, कोपरे लोंबत नाहीत. तीन आसनी सोफ्याला चार उशा ठीक: दोन मुख्य रंगाच्या साध्या, एक सोबती रंगाची आणि एक नक्षीची. चारही नक्षीच्या घेतल्या की नजर कुठेच टिकत नाही.

कापडासाठी लगेच दुकान गाठायची गरज नाही. आपल्याकडे ओटीचे ब्लाउजपीस आणि खण वर्षानुवर्षं कपाटात साठत जातात. ८० सेंटिमीटरच्या एका ब्लाउजपीसात १६ इंची दोन अभ्र्यांच्या पुढच्या बाजू निघतात. मागची बाजू साध्या जाड सुती कापडाची लावा. खणाचं कापड जरा हातात धरून बघा. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, त्यामुळे समोरून ते डाळिंबी दिसतं आणि जरा कललं की त्यात निळं किंवा काळं चमकून जातं. काठाजवळच्या बारीक विणकामाने कडेला आपोआप रेघ मिळते. क्रीम सोफ्यावर असा एक अभ्रा ठेवला की खिडकीजवळ बसलेल्याला त्याचा एक रंग दिसतो आणि दारातून येणाऱ्याला दुसरा. शिवताना दोन गोष्टी पाळा. खणाचा पन्हा लहान असतो, म्हणून आधी मापं घ्या. आणि आतून अस्तर लावा, नाहीतर उशीच्या ताणाने शिवणीजवळ कापड विरतं.

कुठलंही गडद सुती कापड वापरण्याआधी पांढरं ओलं फडकं त्यावर जोरात घासून बघा. फडक्याला रंग लागला तर ते कापड बिस्किट रंगाच्या सोफ्यावर टाकू नका. दोन-तीनदा वेगळं धुवून पुन्हा तपासा.

पडदे हा त्यानंतरचा आणि मोठा घास. तयार पडदे सहसा चार फूट रुंदीचे आणि पाच, सात, नऊ फूट लांबीचे मिळतात. खिडकी पाच फूट रुंद असेल तर रॉड सहा फुटांचा घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा फूट जास्त. पडदा उघडला की तो भिंतीवर सरकतो आणि काच पूर्ण मोकळी होते. चुण्या नीट पडायला कापडाची एकूण रुंदी रॉडच्या किमान दुप्पट हवी. सहा फुटी रॉडला बारा फूट कापड, म्हणजे तीन पडदे. चुण्या भरगच्च हव्या असतील तर चार. कापड वाचवायला दोनच लावले की पडदा चादरीसारखा ताणलेला दिसतो आणि रंग कितीही चांगला असला तरी मजा जाते. रॉड चौकटीच्या वर सहा-आठ इंच लावा, खोली उंच भासते.

पडद्याला मुख्य रंग द्यावा का? खोली लहान असेल तर नको. तिथे भिंतीच्याच जवळचा पण एक-दोन पायऱ्या गडद रंग घ्या आणि तळाला किंवा कडेला मुख्य रंगाची पट्टी जोडून घ्या. साडीच्या काठाची पट्टी यासाठी उत्तम. हॉल मोठा असेल तर पूर्ण पडदा मोरपंखी करायला काहीच हरकत नाही.

जमिनीवर चार बाय सहा किंवा पाच बाय सातची सतरंजी किंवा दरी टाका. सोफ्याचे पुढचे दोन पाय तिच्यावर यायला हवेत, नाहीतर ती खोलीच्या मधोमध एकटी पडते. नव्या वसाहतींत शेजारी कुठेतरी बांधकाम चालू असतंच आणि धूळ रोजची असते. गडद निळ्या किंवा काळ्या एकरंगी सतरंजीवर ही धूळ सर्वांत आधी दिसते. पट्ट्यापट्ट्यांची, मध्यम गडद रंगाची सुती सतरंजी या बाबतीत सोशिक. झटकता येते, धुता येते.

गोधडी विसरू नका. जुन्या सुती साड्यांची, हाताने टाके घातलेली गोधडी पलंगावर पायथ्याशी घडी करून ठेवली तर साध्या पांढऱ्या चादरीवर एका जागी दहा रंग येतात, आणि तरी ती भडक वाटत नाही, कारण ते सगळे रंग धुवून धुवून सारखेच मऊ झालेले असतात. आजीची गोधडी माळ्यावर पडली असेल तर ती खाली काढा. नव्या बेडशीटच्या संचापेक्षा तिची जागा पलंगावर आहे.

तांबं, पितळ, माती आणि पानं

नाशिकची तांब्या-पितळेची भांडी पूर्वीपासून नावाजलेली. भांडी बाजारातून एकदा सावकाश चाला. घंगाळ, कळशी, परात, समई, जुन्या घाटाचे तांबे. ही भांडी वजनावर मिळतात, म्हणून आधी आकार ठरवून जा. तांब्याचा रंग म्हणजे मुळात केशरी-लालसरच, पितळेचा हळदी. क्रीम भिंतीपुढे ठेवलेलं तांब्याचं मोठं घंगाळ हा खोलीतला उठावाचा दहा टक्के भाग एकटं सांभाळतं. त्यात सुकी फांदी लावा किंवा नुसतं रिकामं ठेवा. शेजारी आणखी पाच छोट्या शोभेच्या वस्तू मात्र मांडू नका.

पावसाळ्याच्या दमट हवेत तांबं लवकर काळवंडतं. चिंचेचा कोळ आणि मीठ किंवा पितांबरी लावून घासा, धुतल्यावर लगेच कोरड्या फडक्याने पुसा. पाण्याचे थेंब राहिले तर डाग उमटतात. लखलखीत चकाकी आवडत नसेल तर घासू नका, तपकिरी पडलेलं तांबंही शेवाळी किंवा निळ्या कापडाशेजारी देखणं दिसतं.

मातीच्या कुंड्यांचा विटकरी रंग फुकटात मिळणारा आहे, त्यावर ऑइलपेंट फासून तो झाकू नका. घरात मनीप्लँट, स्नेक प्लँट कमी उजेडात तग धरतात. क्रोटनची लाल-पिवळी पानं मोहात पाडतात, पण उजेड कमी पडला की नवी पानं हिरवीच येतात, म्हणून त्याला खिडकीलगतच जागा द्या. बाल्कनीत पाच-सहा तास ऊन असेल तर बोगनवेल लावा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात ती जोमाने फुलते आणि हॉलमधून बघताना बाल्कनी म्हणजे एक रंगीत चौकटच होते. मोगलांच्या काळात या गावाला गुलशनाबाद म्हणत. त्या गावात राहून कुंडीत एक गावठी गुलाब नसावा, हे मला तरी पटत नाही.

चित्रं आणि बाकीच्या खोल्या

वारली चित्र लावायचं असेल तर त्याची मूळ रीत लक्षात घ्या: गेरूने सारवलेली लाल भिंत आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा, एवढंच. त्र्यंबकच्या पलीकडे मोखाडा-जव्हारकडे या चित्रांचं घर आहे. क्रीम भिंतीवर थेट तपकिरी रेघांनी वारली काढली की ती फिकी पडते. त्यापेक्षा दोन बाय तीन फुटांचा गेरू रंगाचा बोर्ड किंवा कॅनव्हास घ्या आणि त्यावर पांढऱ्यात चित्र काढून घ्या. भाड्याच्या घरात हा उपाय फारच सोयीचा, एक खिळा आणि खोलीला विटकरी भिंतीचा आभास. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर यावा. सोफ्यावर लावत असाल तर पाठीच्या वर सात-आठ इंच सोडून लावा, छताशी नेऊन टांगू नका.

स्वयंपाकघरात मला फार ढवळाढवळ आवडत नाही. बरण्यांची झाकणं, पुसण्याची फडकी, एक चौकड्यांचा टेबलक्लॉथ, बस. भाजी, फळं आणि मसाल्याचा डबा उरलेला रंग रोज आणतातच. देवघरात तर हळद-कुंकू आणि झेंडू असताना मागची भिंत साधीच ठेवावी. मुलांच्या खोलीत कायमस्वरूपी काही करू नका, त्यांच्या आवडी वर्षाला बदलतात.

आता भिंत

इथवर आल्यावर महिना-दोन महिने तसंच राहून बघा. पुष्कळ जणांना भिंतीची गरज उरत नाही. उरली, तर पुढचं वाचा.

कोणती भिंत? दारातून आत आल्यावर समोर दिसणारी आणि जिच्यात खिडकी नाही अशी. खिडकीची भिंत गडद केली की बाहेरचा लख्ख उजेड आणि आतला अंधारा रंग यांत डोळे दिपतात. टीव्हीमागची भिंत गडद मॅट केलेली चालते, नजरेला त्रास होत नाही.

आधी ओल तपासा. नाशिकच्या पावसाचा मारा पश्चिमेकडच्या बाजूला जास्त, त्यामुळे त्या भिंती आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंती संशयित. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस ठेवा. आतून पाण्याचे बारीक थेंब दिसले तर भिंतीत ओल आहे. आधी गळती बंद करा, भिंत वाळू द्या, रंगाचं नंतर. ओल्या भिंतीवर कितीही भारी रंग मारला तरी पोपडे धरणारच. प्लास्टर नवं असेल तर ते किमान चार आठवडे पाणी मारून आणि वाळून होऊ द्या. ऐन पावसात काम काढू नका, हात वाळत नाहीत. दसरा-दिवाळीच्या तोंडावर पेंटर मिळत नाहीत. जानेवारी ते मार्च हा नाशकातला रंगकामाचा सर्वांत सोयीचा काळ: हवा कोरडी, खिडक्या उघड्या ठेवता येतात आणि कारागिरांना सवड असते.

रंगाची निवड शेड कार्डाच्या बोटभर चौकोनावर करू नका. तोच रंग शंभर चौरस फुटांवर पसरला की जास्त गडद आणि जास्त भडक वाटतो. कार्डावर मनात भरलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकट किंवा जरा धुरकट शेड घेतली तर भिंतीवर ती बरोबर उतरते. दुकानातून लहानात लहान डबा मिक्स करून आणा आणि दोन बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्यावर किंवा हार्डबोर्डवर दोन हात मारा. थेट भिंतीवर नमुना मारला तर आजूबाजूचा जुना क्रीम नजरेला फसवतो आणि नंतर कडाही दिसतात. पुठ्ठा मोकळा असला की फिरवता येतो. सकाळी आठला तो खिडकीसमोर ठेवा, दुपारी एकला कोपऱ्यात, संध्याकाळी पाचला पश्चिमेच्या उन्हात आणि रात्री तुमच्या नव्या दिव्याखाली. शेजारी उशीचा अभ्रा आणि सतरंजीचा कोपरा धरा. शेवाळी म्हणून आणलेला रंग संध्याकाळी मातकट होतो का, विटकरी रात्री तपकिरी पडतो का, हे सगळं पुठ्ठा सांगून टाकतो. दोन दिवस तो समोर राहिला आणि तरी हवाहवासा वाटला, की पेंटरला फोन करा.

कामाचा क्रम असा: जुनी भिंत घासणे, भेगांत आणि खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरणे, वाळल्यावर पुन्हा घासकाम, प्रायमर, मग रंगाचे दोन हात. गडद लाल किंवा पिवळ्याला कधी तिसराही लागतो. मॅट फिनिश भिंतीचे उंचसखल भाग झाकतं, सॅटिन पुसायला सोपं पण तिरप्या उजेडात प्रत्येक लाट दाखवतं. घरात लहान मुलं असतील तर सॅटिन, भिंत ओबडधोबड असेल तर मॅट. दहा बाय दहाच्या भिंतीला चांगल्या इमल्शनचा साधारण एक लिटर दोन हातांना पुरतो. डब्यावर प्रति लिटर चौरस फूट लिहिलेले असतात, ते वाचून हिशेब करा आणि थोडा जास्तच घ्या. सगळा रंग एकाच वेळी मिक्स करून आणा. नंतर आणलेल्या डब्यात उन्नीस-बीसचा फरक पडतो आणि तो भिंतीच्या मधोमध दिसतो. दोन डबे असतील तर मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्यायला सांगा.

कडेला मास्किंग टेप लावला असेल तर शेवटचा हात पूर्ण सुकायच्या आत, जरा ओला असतानाच, तो तिरका ओढून काढा. पूर्ण वाळल्यावर काढला तर टेपबरोबर रंगाची पापडी निघते आणि कड दातेरी होते.

उरलेला रंग पाव लिटरच्या हवाबंद बरणीत भरा. शेडचं नाव, नंबर, फिनिश आणि तारीख बरणीवर लिहा, आणि तेच त्या खोलीच्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूलाही लिहून ठेवा. पुढच्या वर्षी सोफा सरकवताना भिंतीला ओरखडा गेला की बरणी सापडेलच असं नाही, पण कपाटाचं दार जागेवर असेल.